पाटलाचा मुजरा

टोळीतल्या मानावर चिंपांझींचं बोलणं कसं ठरतं, याच्या नोंदी करायला मी वृंदाताईंबरोबर युगांडाच्या जंगलात होते. तिथे एक आवाज फक्त खालून वर जातो. दुबळा नर बलवानासमोर धापा टाकत हुंकारतो. बलवान उलट हुंकारत नाही. त्या आवाजाला आम्ही दोघी मुजरा म्हणायचो, आणि म्होरक्याला पाटील.

त्या सकाळी एका जवान नराने पाटलाचा कान फाडला आणि त्याला फळांनी लगडलेल्या झाडावरून हाकललं. पाटील खाली बसून राहिला.

"ताई, हा नाही वाकणार," मी म्हणाले.

"तुझ्या चळवळीच्या पत्रकातला पाटील नाही गं तो. भूक लागलीय त्याला."

तासाभराने पाटील उठला, अंग चोरून खोडापाशी गेला आणि वर बघत हुंकारला. त्याला तो आवाज काढता येतो हेच मला माहीत नव्हतं. वरच्याने सरकून जागा दिली.

मुजऱ्याविरुद्धची पत्रकं वाटतच मी मोठी झाले. त्यांतला मुजरा करणारा नेहमी भित्रा असायचा. मुजरा घेणाऱ्यालाही तो पाठ होत जातो, हे त्यांत कुठे नव्हतं. पाटील इतकी वर्षं रोज तो ऐकत होता. त्याची शिकवणीच चालू होती म्हणायची.

"लिही, कोणी कोणाला," ताई म्हणाल्या.

मी लिहिलं. वर पाटील फळं खात होता, आणि जवान नर त्याच्या कानाची, स्वतःच केलेली जखम हलक्या हाताने साफ करत होता.