सव्वा शेर ज्वारी

माझी मोठी जाऊ मालूबाई. तिच्या पायाला भिंगरी लागली ती आमचा भिकन गेल्यापासून. अंगण तीनतीनदा झाडते. केळीच्या बागेत जाते आणि बांधावरूनच परत फिरते. काय आणायला गेली होती, विचारलं तर तिलाच सांगता येत नाही. मी म्हणते, "बाई, घडीभर बूड टेका की!" तर म्हणते, "बसली का छातीत कसंतरी होते." माझा राग नाकावर असतो हे अख्ख्या दापोऱ्याला ठाऊक आहे, पण तिच्यावर चिडून चिडून मीसुद्धा दमले.

तिची गोष्ट सुपापासून सांगावी लागते. मालूबाईची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरं झालं तेव्हा बाराव्या दिवशी सासूने त्याला सुपात घातलं, उंबऱ्यावर आणलं आणि माझ्या पदरात टाकलं. आमच्यात तशी रीतच आहे. जिची लेकरं जगत नाहीत तिने आपलं लेकरू दुसरीला देऊन टाकायचं, नाव भिकन ठेवायचं, म्हणजे मरण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग लग्नाच्या दिवशी सव्वा शेर ज्वारी दुसरीच्या पदरात घालून लेकरू परत घ्यायचं. तोवर त्याला ‘माझं’ म्हणायचं नाही.

बाकीच्या बाया आठ दिवसांत हे सगळं विसरतात. मालूबाई कसली विसरते! दूध तिने पाजलं, पण तेही "इंदूचं पोरगं भुकेलं वाटते" असं म्हणत. शाळेत नाव घालायला गेली तर मास्तरांना ठणकावून सांगितलं, आई इंदुबाई, बाप बाबुराव. बाबुराव म्हणजे माझे मालक. तिचे मालक लीलाधरभाऊ खूप चिडले, पण बाई बधली नाही. भिकन मला आई म्हणायचा आणि तिला मोठीआई. मला मूलबाळ नाही. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागायचं.

पोरगा फौजेत गेला. तेविसाव्या वर्षी बर्फाचा कडा त्यांच्या चौकीवर कोसळला, त्यात गेला. मुली बघणं नुकतं सुरू केलं होतं हो आम्ही! तिरंग्यात गुंडाळून आणला तेव्हा मी अंगणात गडबडा लोळले. मालूबाई आल्यागेल्याला पाणी देत फिरत होती. डोळ्याला टिपूस नाही. बाया कुजबुजल्या, दगडाची आहे. मीही तेच म्हटलं, देव मला क्षमा करो.

तीन वर्षांनी बुऱ्हाणपूरच्या बागेत शहिदांच्या नावांचा काळा दगड उभा राहिला. यंदाच्या सव्वीस जानेवारीला घरच्यांना बोलावणं आलं. कागदपत्रांत आई मी, म्हणून चिठ्ठी माझ्याच नावाची. मालूबाई म्हणाली, "मी येते सोबतीला." सोबतीला!

बस अर्धी रिकामी, तरी बाई दाराशी दांडा धरून उभी. एका हाताने कापडी पिशवी उराशी कवटाळलेली.

"काय आहे त्यात?"

"काही नाही."

"काही नाही तर सोन्यासारखं काय धरलं आहे?"

तिने पिशवी पदराखाली घेतली. बागेच्या फाटकावर शिपायाने पिशवी उघडायला लावली. "माताजी, ये क्या, ज्वार?" मीच मध्ये पडले, "कबूतरों के लिए है, भैया, जाने दो." तेव्हासुद्धा माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

दगडाभोवती साखळी लावली होती. आत खुर्च्या. शिपाई यादी बघून म्हणाला, "सिर्फ माँ अंदर आएगी." खरी आई ही आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. माइकवर ‘वीरमाता इंदुबाई’ असं नाव पुकारलं, खांद्यावर शाल पडली, दगडाला हार घातला आणि मेली मी आतून सुखावले! पुन्हा एकदा मला कोणी त्याची आई म्हणत होतं.

वळून बघते तर मालूबाई साखळीच्या पलीकडे. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. पंक्तीत वाढायचं राहिलेल्या माणसासारखी. झेंडा घेतलेली शाळेची एक पोरगी तिला विचारत होती, "आजी, तुमचं कोण आहे यात?"

"माझं कोणी नाही माय," मालूबाई म्हणाली. "जावेचं पोरगं आहे."

माझं डोकंच फिरलं. शाल खुर्चीवर फेकली आणि साखळीशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या जावेला मी अगं-तुगं केलं. "बस कर गं! अजून कोणाला फसवतेस? ज्या मरणाला भ्यायचीस ते घेऊन गेलं त्याला! आता तरी म्हण ना माझा!"

माणसं आ वासून बघायला लागली. मालूबाई ओरडली नाही. म्हणाली, "कशी म्हणू? परत कुठं घेतला मी त्याले?" मग दगडाकडे बघितलं. "तीन वर्षं झाली मापून ठेवली आहे. लग्नाबिगर देता येते का नाही, कोणाले पुसू? आज हार तर पडला त्याच्या गळ्यात." पिशवीची गाठ सोडली आणि म्हणाली, "पदर पसर, इंदू."

तेव्हा मला कळलं ही ज्वारी कसली आहे ते. नको म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. एवढी ज्वारी पदरात पडली की मी कोणाचीच आई उरणार नव्हते. साखळीच्या अलीकडून मी पदर पसरला. तिने सगळी ओतली, पिशवी उलटी करून झटकली, कोपऱ्यात अडकलेले दाणेसुद्धा काढून दिले.

शिपायाने न सांगताच साखळी काढली. मालूबाई दगडापाशी गेली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी हनुवटीनेच नाव दाखवलं. तिने त्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आता रडू का मी?"

माझे दोन्ही हात पदरात अडकले होते. "रड बाई," मी म्हटलं, "तुझाच आहे तो."

तीन वर्षांत पहिल्यांदा मालूबाई खाली बसली.