भरली बादली

चेअरमनीणबाईनं माझ्या हातातली भरली बादली हिसकली आणि मातीत ओतली.

चारा छावणीत. दुष्काळात. टँकर आला की बाया एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, आणि या बाईनं सगळ्यांसमोर पाणी ओतून दिलं. माती ते गटागटा प्यायली. मी बघत राहिले.

माझा गुन्हा काय? दूध सोसायटीच्या चेअरमनची गाय त्या सकाळी व्याली होती. ती जीभ काढून उभी होती, म्हणून मी तिच्यापुढं पाणी ठेवायला गेले.

"वांझोटीच्या हातचं पानी माज्या गायीला? कावून, वासरू जगू द्यायचं न्हाई का?"

छावणी सोसायटीचीच होती, पाटोद्याच्या अलीकडं, माळावर. आमच्या दोन म्हशी तिथं दावणीला आणि त्यांच्यामागं मी, सासू, नवरा, सगळं बिऱ्हाड. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता.

माझी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही. सासू आधी आशेनं पोटाकडं बघायची, मग रागानं. आणि मी? मी खूश. पाळीच्या कापडाच्या घड्या धुवायला पाणी कुठं होतं? पाळी चुकली की मला वाटायचं, चला, देवानं एक खेप वाचवली. अशी शहाणी होते मी.

मग एक दिवस जनावरांचे डॉक्टर आले. चेअरमनची दुसरी गाय, जर्सी, माजावर येत नव्हती. मी शेजारीच शेण भरत होते. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून गाय तपासली आणि म्हणाले, "अंडंच पिकत न्हाई हिचं. अंग खंगलंय. अंडं न्हाई तर माज कुठला? गायीचा काय दोष?"

चेअरमननं गायीच्या मानेवरून हात फिरवला. "बिचारी," म्हणाला.

बिचारी! गाय बिचारी आणि मी वांझोटी. शेणाची पाटी डोक्यावर घेतली आणि हसू फुटलं. कडू हसू, पण हसू.

डॉक्टर निघाले तशी मी आडवी गेले. "बाईचंबी असंच असतं का हो?"

ते गडबडले. मोटारसायकलला किक मारत म्हणाले, "बाईचे डॉक्टर येगळे असतात. बीडला जावा."

गेले. एकटी. म्हशीचं औषध आणते म्हणून सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सोनोग्राफी केली, थायरॉइडसाठी रक्त काढलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. पाळी नीट येते तेव्हा बहुतेक दर महिन्याला एक अंडं पिकतं आणि बाहेर पडतं. माझं पिकता पिकता अडत होतं. म्हणून पाळी लांबत होती. यावर गोळ्या असतात, म्हणाल्या. पण गोळ्यांच्या आधी नवऱ्याची तपासणी. "एकटीनं येऊन अर्धंच कळतं, ताई."

परत येऊन नवऱ्याला सांगितलं. "माजी तपासनी? मी काय बाई हाय?" म्हणाला आणि वैरण टाकायला गेला.

इकडं चेअरमनीणबाईनं सासूला पटवलं होतं. तिची एक भाची होती, गेवराईकडची. माझ्या नवऱ्याला दुसरी करायची. मी राहायचं म्हशींच्या मागं, शेणाला. छावणीच्या तंबूत बैठक बसली. चेअरमन, त्याची बायको, माझी सासू. नवरा खाली मान घालून काडीनं माती उकरत होता. मला बोलावलं नव्हतं. मी गेले. पदर खोचून मधोमध उभी राहिले.

"चेअरमनसाहेब, तुमची जर्सी औषधानं माजावर आली. मग डॉक्टरनं वळूच्या बीजाची कांडी भरली, तरी गाभण ऱ्हायली न्हाई. तवा तुमी काय म्हनलात?"

"त्याचं हितं काय?"

"मी सांगते. कांडीच खराब असंल म्हनलात. दुसरी मागवली. गायीवर आळ घेतला न्हाई. मग माज्या येळंला कांडी का बघत न्हाई?"

तंबूबाहेर कुणीतरी फसकन हसलं. नवऱ्याच्या हातातली काडी मोडली.

"बायामानसानं असं बोलत न्हाईत," चेअरमन म्हणाला.

"बोलले की. आता आधी यांची तपासनी. खोट निघाली, तर भाचीला काय सांगाल, बाई? तिलाबी वांझोटी म्हनाल?"

चेअरमनीणबाई ताडकन उठली. "माज्या भाचीचं नाव घिऊ नगा कुनी." सोयरीक तिथंच मोडली.

नवऱ्यानं मला तंबूमागं नेऊन थोबाडीत दिली. ती मी माफ केलेली नाही, करणारही नाही. पण मी हटले नाही. तपासणी होईस्तोवर म्हशींची धार काढणार नाही म्हणाले आणि काढली नाही. म्हशी दुसऱ्या कुणाच्या हाताला धार देत नव्हत्या; त्या रेकू लागल्या तसा तो बीडच्या एसटीत माझ्या आधी चढला.

आता तुम्ही विचारणार, खोट कुणात निघाली? पोर झालं का? गावही तेच विचारतं. मी सांगत नाही. पोर झालं म्हणून मी खरी आणि नाही झालं म्हणून खोटी, हा हिशेबच मला मान्य नाही. माझ्या पोटाचा जाब मी कुणाला देणार नाही.

पण एक सांगते. ओटीच्या कार्यक्रमात बिनलेकराच्या बाईला पाटावरून उठवायला लागले, की मी जाऊन तिच्या शेजारी मांडी घालते. तिच्या नवऱ्याला सगळ्यांदेखत हाक मारून विचारते, तू तपासलंस का? मग यजमानणीकडं बघून म्हणते, उठवा आता दोघींना.

मी उठत नाही.