गिळायची आठवण

इंझोरीत मी अंगणवाडी चालवते, त्यामुळे लाळेचं मला नवल नाही. थोरल्या भावंडांच्या कडेवर दात येणारी पोरंही लाळेरं बांधून येतात आणि त्यांच्या हनुवट्या पुसण्यातच माझी निम्मी सकाळ जाते. पण घरी मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ओठाच्या कोपऱ्यातून पहिल्यांदा लाळ ओघळताना पाहिली, तेव्हा मी न पाहिल्यासारखं केलं आणि ताटात भाकरी वाढली.

मामाजी टापटिपीचे. शेतातून आले की हातपाय धुऊन, सदरा बदलूनच बाहेर ओट्यावर बसायचे. गावात कुणाची सोयरीक जुळवायची असली की बैठकीत बोलायला त्यांनाच नेत. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांचा त्यांना भारी राग. आमच्या ओट्यावर कुणी खर्रा घोटायला बसला, तर ते त्याला उठवून लावत.

सुरुवात उशीपासून झाली. रोज सकाळी उशीचा अभ्रा ओला. सासूबाई म्हणाल्या, पोटात जंत झाले असतील, आणि ओवा चावायला देऊ लागल्या. मग दिवसाही सदऱ्याची छाती ओली दिसायला लागली. मामाजी सारखे उठून अंगणाच्या कडेला थुंकून येत. गावाने त्याचा आपला अर्थ काढला, की म्हातारा आता लपून खर्रा खातो. हे कानावर आलं त्या दिवसापासून ते ओट्यावर बसेनासे झाले.

त्याच आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. एक जुना टॉवेल कापून मी त्यांच्या मापाचं लाळेरं शिवलं, मागे नाड्या लावल्या आणि जेवताना बांधा म्हणून त्यांच्या हातात दिलं. माझ्या मनात सदरा वाचवण्याखेरीज काही नव्हतं. त्यांनी ते उलटून पाहिलं, नीट घडी घातली, ताटाशेजारी ठेवलं आणि न जेवता उठले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवरा म्हणाला, तू काही वाईट केलं नाहीस. पण अंगणवाडीतल्या पोरांसारखंच मी त्यांना धरलं होतं, हे मला कळत होतं. लाळेरं मी चुलीत घातलं.

तुरी सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत ते बांधावर चक्कर येऊन पडले. जवळच्या दवाखान्यात सलाईन लागलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचं चालणं पाहिलं आणि वाशीमला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या, असं सांगितलं.

वाशीमच्या डॉक्टर बाईंनी त्यांना खोलीत चार फेऱ्या मारायला लावल्या. कागदावर नाव लिहायला सांगितलं. अक्षर सुरुवातीला मोठं होतं आणि शेवटाकडे मुंगीएवढं झालं. चालताना त्यांचा डावा हात हलत नव्हता, हेही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही सगळं वयावर ढकललं होतं. बाई म्हणाल्या, हा कंपवात आहे. मामाजींना ते पटेना, कारण त्यांचा हात कापत नव्हता. सगळ्यांचा कापत नाही, बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, पाणी किती पिता?

"दिवसभरात एखादा पेला," मामाजी म्हणाले. "तोंडात आधीच एवढं पाणी. अजून कायले प्यायचं?"

त्यांनी पाणी सोडलं आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "बाबा, तुमची लाळ वाढलेली नाही. प्रत्येकाच्या तोंडात दिवसभर लाळ बनते आणि आपण ती नकळत गिळत राहतो. तुमचं ते नकळत गिळणं कमी झालंय. म्हणून ती साचते आणि बाहेर येते."

मामाजी म्हणाले, "म्हणजे मले गिळायची आठवण राहत नाही."

"तसंच समजा."

आजारावर गोळ्या सुरू झाल्या. लाळ सुकवणारी औषधं असतात, पण या वयात त्यांच्यामुळे डोक्यात गोंधळ होतो, लघवी अडते, म्हणून बाईंनी ती टाळली. त्याऐवजी सांगितलं, ताठ बसा, मान खाली पडू देऊ नका, बोलायच्या आधी एकदा गिळा, पाणी पुरेसं प्या पण लहान घोटांनी, साखर नसलेलं च्युइंगम चघळा. जेवताना ठसका लागायला लागला तर वाट न पाहता या. एवढ्यानं भागलं नाही, तर लाळेच्या ग्रंथीत द्यायचं इंजेक्शन असतं, काही महिने त्याचा गुण राहतो.

च्युइंगम मामाजी घरातच चघळत. जबडा हलताना दिसला की लोक खर्राच म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्यानं मोबाईलवर पाच-पाच मिनिटांची घंटी लावली. ती सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावली. शेवटी वाट मामाजींनीच काढली. सकाळी ते माळ घेऊन बसत. आता एक मणी ओढला की एकदा गिळायचं. महिन्याभरात माळ हातात नसतानाही अंगठा सरकायचा आणि गळा हलायचा.

मी मात्र या वेळी आधी विचारलं. "मामाजी, दुपट्ट्याले आतून टॉवेलचं कापड लावू काय? वरून दिसणार नाही." त्यांनी खांद्यावर घ्यायचे दोन्ही दुपट्टे खुंटीवरून काढून माझ्या हातात दिले.

उन्हाळ्यात माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, शेलूबाजारला ठरलं. मामाजी म्हणाले, मी मागे बसतो, बोलणं तुम्ही करा. मुलगी म्हणाली, मग मीही पाटावर बसत नाही. तिच्यापुढे त्यांचं काही चाललं नाही.

बैठकीत लग्नाच्या तिथीचं बोलणं चाललं होतं. मामाजी बोलता बोलता मध्येच थांबले. ओठांतून लाळ आली. सगळी बैठक त्यांच्याकडे पाहू लागली. त्यांनी दुपट्ट्यानं हनुवटी सावकाश पुसली आणि गिळलं.

"मी खर्रा खात नाही," ते म्हणाले. "बिमारी हाये. मले गिळायची आठवण राहत नाही, म्हणून मंधात थांबतो. तुमी घाई करू नका."

आणि पुन्हा तिथीवर आले. कुणी हसलं नाही. जेवणं झाल्यावर मुलाकडच्या एका वयस्क माणसानं माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन वाशीमच्या डॉक्टर बाईंचा पत्ता विचारला. त्या माणसाच्या भावाचंही असंच होतं, आणि घरच्यांनी त्याला बाहेर न्यायचं सोडून दिलं होतं.

सगळं बरं झालं असं नाही. थकले की लाळ येतेच, उशी अजून ओली होते. या हिवाळ्यातल्या खेपेला डॉक्टर बाईंनी विचारलं, इंजेक्शनचं पाहायचं का? मामाजी म्हणाले, हरभरा घरी येऊ द्या, मग बोलू. बाईंनी पुढची तारीख लिहून दिली आणि आम्ही बस धरायला निघालो.