सहावं लेकरू

"ए, तिथंच थांब. ओसरीले पाय नोको लावू."

पाटलीणबाई बोलली. नर्सबाईनं मान वर केली नाई. पाटलाच्या ओसरीवर, पाटलाच्या खुर्चीत बसून पाटलाचा चहा पिऊन राह्यलती ती. मी खाली अंगनात, कडेवर नऊ महिन्याची पोरगी. गोवराची सुई टोचून घ्याले आलती मी.

सुई महिन्यातून एकदा. आधी ओसरीवरचे लेकरं, मंग गावातले बाकीचे, अन् सगळ्यायच्या मागे नाल्यापलीकडचा आमचा मोहल्ला. सकाळी सातले येऊन उभं राह्यलं तरी मागेच. एका शिशीत पाच लेकरं होतेत. माही सहावी.

"शिशी सरली वं," नर्सबाई म्हनली. "एका लेकरासाठी नवी फोडता येत नाई. उरलेली फेकाव लागते, मले वरून बोलनी बसतेत. पुढच्या महिन्यात येजो."

गेली मी. पुढच्या महिन्यात बी तेच. तिसऱ्या महिन्यात मी हात जोडले. पाटलीणबाई हासली. "इतकी घाई असन तं वर्ध्याले ने मोटारीनं."

घाई गोवराले होती. उन्हाळ्यात निघाला. पोरगी वाचली, पन डाव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्यानं दिसनं गेलं. मी कोनाले शिव्या नाई देल्ल्या. हात जोडलते, म्हनून सोताच्याच हातायची चीड आली मले.

काही वर्सानं सरकारनं गावागावात आरोग्य समिती काढली. मोहल्ल्याची एक बाई पायजे, असा नियम. मी सातवी पास. ग्रामसेवकानं न विचारताच माहं नाव टाकलं अन् रजिस्टर घेऊन दारात उभा.

"इथं सही मार, बाई. बाकी आमी पाहून घेतो."

मी वाचाले लागली. तो गडबडला, बाई वाचन असं त्याले वाटलंच नव्हतं. लिवलं होतं, सुई टोचाची जागा पाटलाची ओसरी, सर्वानुमते.

"नाई मारत."

"काऊन? तुह्या सहीबिगर कागद वापस येईन. गावाच्या लेकरायची सुई हुकन."

"माह्या पोरीची तीन डाव हुकली, तवा गाव कुठी गेलतं? शाळेत टोचा. जो आधी येईन त्याचा नंबर आधी. तसं लिवा, मंग मारते सही."

"मोठे शिंगं फुटले वं तुले!"

"फुटले."

आठ दिवस तो चकरा मारत राह्यला. आमचेच म्हातारे म्हनत, पान्यात राहून माशाशी वैर कायले करतं? मी म्हनलं, मासे तुमीच मोठे केले. शेवटी लिवलं त्यानं.

शाळेच्या व्हरांड्यात सुई टोचाचा पहिलाच बुधवार. पाटलाची सून लेकरू घेऊन आरामात आली, घरी ओसरीवर निघायची तशीच. तोवर पाच लेकरं झालते. शिशी सरलती. तिचं सहावं.

नर्सबाईनं गुमान सुईच्या बर्फाच्या डब्यात हात घातला अन् नवी शिशी काढली.

माहं डोस्कं सनकलं. हात धरला मी तिचा. "थांबा, बाई. आधी मोठ्यानं सांगा. एका लेकरासाठी शिशी फोडता येते का नाई?"

सून घाबरून लेकरू छातीशी धरून उभी. थे बी नऊ महिन्याचंच. बाजूले माही पोरगी, एका डोळ्यानं सारं पाहून राह्यली.

"येते," नर्सबाई पुटपुटली.

"ऐकू नाई आलं."

"येते! एका लेकरासाठी बी फोडता येते."

"मंग फोडा."

फोडली. लेकराचा काय गुन्हा? अन् नर्सबाई जाच्या आधी समितीचं रजिस्टर उघडून मी सोता लिवलं, शेवटी एकच लेकरू उरलं तरी शिशी फोडाची, कोनाचंही असो. खाली सही मारली. पूर्न नावाची.

माह्या पोरीचा डोळा वापस येत नाई. माफी कोनी मांगतली नाई, मांगतली असती तरी मी देल्ली नसती. दर महिन्याले मी शाळेत जाते, डब्याजवळच बसते. शेवटचं लेकरू टोचल्याबिगर तो डबा मी गावाबाहेर जाऊ देनार नाई.