आडतीच्या काट्यावर तोललेली अमेरिका

दादा अमेरिकेतून फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. "सामान हलकं आणा. आपण दहा दिवस गाडीनं फिरणार आहोत, डिकी लहान आहे. आणि इथं सगळं मिळतं." हे शेवटचं वाक्य आईला झोंबायचं. मी फोन ठेवला की ती परातीतल्या पिठाला सांगायची, "सगळंच मिळतंय तर आमाला काहून बोलावून राहिला?"

दोन हजार साल उलटून आठ-नऊ वर्षं झाली होती. आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावात परदेश या विषयावरचे अधिकारी म्हणजे शेजारचे काका. त्यांचा भाचा दुबईला होता. स्वतः काका नांदेडच्या पुढं गेलेले नव्हते, पण ज्ञानाला अशा बारीकसारीक अटी कशाला? त्यांनी ओट्यावर बसून सांगितलं की तिकडं ऊन लई असतं, पाण्याचा कॅन हाताशी ठेवा. बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी घरात कॅन आला.

बाबांच्या लेखी गाडीनं फिरायचं म्हणजे जीपनं आमच्याकडच्या गोरेगावहून सेनगावला जायचं. जीप बंद पडणारच, फक्त कुठं पडते एवढाच प्रश्न. म्हणून त्यांनी बॅगेत नायलॉनचा दोर घातला, पाना घातला, बॅटरी घातली. मी म्हटलं, "बाबा, तिकडं गाडी बंद पडली तर फोन केला की लोक येऊन ओढून नेतात."

"येतील तवा येतील," बाबा म्हणाले. "तवर दोर कोणाला मागावा? वळख ना पाळख."

मला सोबत नेणार होते ते इंग्रजी पाट्या वाचायला. सामानात अक्कल पाजळायला नाही, हे मला लवकरच कळलं.

आईच्या बॅगेत ज्वारीचं पीठ होतं, शेंगदाण्याची चटणी होती, घरची हळद होती आणि लोखंडी तवा होता. तिकडच्या तव्यावर भाकर फुगत नाही, असं तिनं तिकडचा तवा न बघताच जाहीर केलं होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी होती वाकळ.

या वाकळेची गोष्ट सांगायला हवी. आईच्या जुन्या लुगड्यांची आणि बाबांच्या धोतरांची ती शिवलेली गोधडी. दादा पुण्याला शिकायला निघाला तेव्हा आईनं ती त्याच्या पेटीवर बांधून दिली होती. त्यानं सोडून ठेवली. होस्टेलवर पोरं हसतील म्हणाला. आईनं ती घडी घालून ठेवली, पण त्या दिवशी ती जेवली नाही, हे मी पाहिलंय. पुढं नोकरी, मग परदेश, मग लग्न, आणि मधल्या सहा वर्षांत घरी एकदाही येणं नाही. यंदा आईनं तीच वाकळ काढली, वरून नवं लुगडं चढवलं आणि दोन महिने दुपारी दुपारी टाके घातले. मी म्हटलं, "आई, तिकडं घरात उबेचं मशिन असतं." ती म्हणाली, "असू दे की. मला फक्त बघायचंय, अजून लाजतो का आपल्या घराला." म्हणजे खरं तर ती अमेरिका बघायला चाललीच नव्हती. तिला पोरगं बघायचं होतं, आपलं राहिलंय का गेलं ते.

बॅगा भरून होतात न होतात तोच गावातल्या बाया ओटी भरायला आल्या. आता ओटीला नाही म्हणायचं नसतं, आणि ओटीतला नारळ घरी ठेवून जायचं नसतं. ज्या बॅगेसाठी आम्ही आठ दिवस चटण्यांचं वजन करत बसलो होतो, तिच्यावर गावानं प्रेमानं नारळ आणि तांदूळ ओतले. त्यातले दोनच नारळ न्यायचे, एवढ्यावर मी आईला कशीबशी आणली. बाकीचे देवळात गेले.

राहता राहिलं वजन. विमानाला एका बॅगेत तेवीस किलो चालतात, असं दादानं बजावून सांगितलं होतं. गावात दवाखान्यातला काटा होता, किराणा दुकानातला होता. पण बाबांचा विश्वास जगात एकाच काट्यावर, बाळापूरच्या आडतीवरच्या. त्याच काट्यावर आमच्या हळदीची पोती चढायची, आणि त्याच काट्यापाशी बाबा दर हंगामात मापाड्याशी भांडायचे. भांडण कडत्यावरून. पोत्याचं बारदान, मालातली ओल, माती, असं काय काय धरून मापाडी दर पोत्यामागं दोन किलो कापून उरलेलं वजन पुकारायचा. तो कडता. "माझ्या वाळलेल्या हळदीत वल कुठं हाय, दाव," म्हणून बाबा तीस वर्षं ओरडत आले आणि तीस वर्षं कडता कापला गेला.

तर त्या काट्यावर आम्ही बॅगा चढवल्या. हमालांनी हळदीची पोती बाजूला सारली, चार शेतकरी बघायला उभे राहिले. मापाड्यानं नेहमीच्या सुरात पुकारलं, "एकवीस." बाबांचा चेहरा फुलला. अजून दोन किलोंना जागा! तिथंच बॅगा उघडून दोन्हींत सोबत आणलेल्या पिशवीतला उरलेला ऐवज कोंबला. मापाड्यानं पुन्हा पुकारलं, "तेवीस." बाबा मला म्हणाले, "बघ, बराबर हाय का न्हाई? याला म्हणतात काटा."

मुंबईच्या विमानतळावर पहिली बॅग पट्ट्यावर ठेवली आणि आकडा आला पंचवीस. दुसरीही पंचवीस. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, दोन-दोन किलो कमी करा. बाबांनी तिला शांतपणे समजावलं की तुमचा काटा मारतो. ती हिंदीत काहीतरी म्हणाली. बाबांनीही हिंदी काढली, "हमारे आडत पे तोल के लाया है, बाई." मागची रांग आमच्याकडं बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मग बाबांनी बोटांवर पंचवीसातून तेवीस वजा केले. म्हणाले, "कडता कापला त्यानं."

बिचाऱ्या मापाड्याचा काय दोष. काट्यावर चढला तो माल, आणि माल म्हटला की कडता आला. त्याच्या तोंडाला सवय, आणि त्या सवयीशी जन्मभर भांडणाऱ्या बाबांना तेवढ्याच दिवशी तिचा विसर पडला होता.

बॅगा फरशीवर उघडल्या. बाबांच्या बॅगेतून दोर, पाना आणि कॅन निघाला. ते त्यांनी कचऱ्याच्या डब्याशेजारी नीट मांडून ठेवलं, कुणाच्या तरी कामी येईल म्हणून. आईच्या बॅगेत दोन किलोंची एकच वस्तू होती जी तिच्याशिवाय सगळ्यांना नको होती. मी म्हटलं, "वाकळ काढ आई." बाबाही म्हणाले, "काढ."

आईनं काढली आणि अंगावर पांघरली. भर मे महिन्यात, मुंबईत. "अंगावरच्या कपड्याचं वजन करीत न्हाईत ना?" तिनं मला विचारलं आणि चालू लागली. मी चार हात अंतर ठेवून मागून चालले, ओळख नसल्यासारखी.

तिकडं दादानं विमानतळावर आईला बघितलं, वाकळ बघितली आणि म्हणाला, "अगं, हे कशाला आणलंस? इथं सगळं मिळतं." आई हसली. पुढचे दहा दिवस मोठमोठ्या रस्त्यांवरून आम्ही फिरलो, गाडी एकदाही बंद पडली नाही याचं बाबांना वाईटच वाटलं. आई मागच्या सीटवर मांडीवर वाकळ घेऊन बसायची. दादा फार नीट वागायचा. फारच नीट. आईनं पाण्याची बाटली पुढं दिली की थँक्यू म्हणायचा. "पाणी दिलं तर थँक्यू म्हणतं," ती माझ्या कानात म्हणाली. "पाव्हणी हाय का मी?" तिचे डोळे भरले होते.

एका दुपारी रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबलो. आईनं गवतावर वाकळ अंथरली, चटणी-भाकरी काढली. गाडी चालवून दादाची पाठ धरली होती. जेवून जरा आडवा होतो म्हणाला आणि तोंड वाकळेत खुपसून घोरायला लागला. वहिनी उठवायला गेली तर आई म्हणाली, "झोपू दे. दमलंय लेकरू." त्या दिवसाचं पुढचं काहीच आम्ही बघितलं नाही.

परतायच्या सकाळी वहिनीनं मोठ्या मायेनं वाकळ घडी घालून आईच्या बॅगेत ठेवली. आईनं पुढ्यातला चहा सरकवला. पुण्याच्या वेळी जेवण सोडलं होतं तसाच. तवा, पीठ, चटणी सगळं तिथंच राहिलं होतं. बॅगेत दोन साड्या आणि चॉकलेटं, एवढाच काय तो ऐवज. दादानं बॅग उचलून बघितली. खाली ठेवली. चेन उघडून वाकळ बाहेर काढली.

"जड होतेय," तो आईकडं न बघता म्हणाला. "ही राहू दे इथंच."

बाबांनी पुढं होऊन ती बॅग दोन बोटांवर उचलली. जन्मभर किलोकिलोसाठी भांडलेला माणूस, आता बोलणार असं मला वाटलं. त्यांनी बॅग हलकेच खाली ठेवली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "कडता धरावाच लागतो."