देवाला बोललेलं म्हातारपण

माझ्या म्हातारपणाची सगळी भिस्त पाच बोकडांवर होती, आणि पाचांपैकी एकालाही त्या जबाबदारीची जाणीव नव्हती.

मी उमरग्याला एका खाजगी संस्थेत लेखनिक आहे. आमच्याकडं पेन्शन नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि अध्यक्षांचं भाषण मिळतं. (त्यातलं भाषण तेवढं भरघोस असतं.) पन्नाशी उलटल्यावर मला धास्ती बसायला लागली, म्हणून एका सहकाऱ्यानं मला निवृत्तीचं नियोजन शिकवणाऱ्या बैठकीला नेलं. टाय लावलेला एक पोरगा तिथं म्हणाला, "सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नका. विभागून ठेवा." मला ते इतकं पटलं, की मी शेळ्या घेतल्या, त्यांच्यासाठी शेड बांधली आणि त्यांचे बोकड मोठे झाल्यावर पाचही बोकड वेगवेगळ्या खुंट्यांना बांधले.

माकणीजवळ आमचं थोडं रान आहे. आमच्या भागातली काळी शेळी दुष्काळातही तग धरते आणि बहुतेक वेळा जुळी देते. जुळ्यांची जुळी, मग त्या जुळ्यांची जुळी, असा गुणाकार मी अंथरुणावर पडल्या पडल्या करायचो आणि रोज श्रीमंत होऊन झोपायचो. सकाळी उठून दाढी करताना पुन्हा गरीब!

बायकोला, म्हणजे सुनंदाला, हा गुणाकार कधीच पटला नाही. तिचं म्हातारपण तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. लातूरला बहिणीच्या शेजारी दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात नळ. "नळ फिरवला की पाणी आलं पायजे. बस. मी तुमाला सोनं मागत न्हाय." माझा जो काही फंड हातात येईल, त्यात त्या दोन खोल्या बसतात, हेही तिनं बहिणीकडून काढून ठेवलं होतं.

आणि असल्या बाईला मी उमरग्याच्या भाड्याच्या घरातून उचलून रानातल्या पत्र्याच्या दोन खणांत आणलं. चाचणी म्हणून! माझी आई तिथंच राहायची, तिला सोबत झाली, असंही वर सांगितलं.

सुनंदानं यायचं कबूल केलं, पण शर्त घातली. "एक साल बघते. बकरीदच्या आधी बोकडं विकून शेडचा खर्च निघाला, तर म्हातारपण हितं. तोंडातनं शब्द काढणार न्हाय. आन न्हाय निघाला तर लातूर. मग तुमी शब्द काढायचा न्हाय."

"कबूल," मी म्हणालो.

त्या वर्षाबद्दल काय सांगू? पहाटे उठून पाला तोडायचा, गव्हाणी भरायच्या, लेंड्या झाडायच्या, आणि मग आंघोळ करून मोटारसायकलवर उमरगा गाठायचं. (आंघोळीचा उपयोग नव्हता. मोठ्या बोकडाचा वास साबणाला भीत नाही. मी खुर्चीवर बसलो, की आमचे साहेब काही न बोलता उठून खिडकी उघडायचे.) शेळ्यांनी सुनंदाची भाचीच्या लग्नात नेसायची म्हणून ठेवलेली साडी पदराकडून खायला सुरुवात केली आणि निऱ्यांपर्यंत पोचल्या. तिच्या टाचा फाटल्या. बोअरला करंगळीएवढी धार, त्यामुळे हंडा भरेपर्यंत ती तिथं बसून असायची. आणि मी संध्याकाळी येऊन विचारायचो, "काय, मोकळ्या हवेत बरं वाटतंय ना?" आज ते वाक्य आठवलं, की मलाच माझ्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पण बोकड मात्र झाले देखणे! बकरीद महिन्यावर आली तेव्हा मी येडशीकडच्या मेहबूबभाईंना निरोप धाडला. जनावरांच्या व्यापारात त्यांचे केस पांढरे झालेले. रविवारी सकाळी ते टेम्पो घेऊन हजर झाले. सुनंदानं चहा केला आणि पदर खोचून दारात उभी राहिली. वर्षाचा निकाल होता!

मेहबूबभाईंनी पहिल्या बोकडाच्या पाठीवर हात फिरवला. "माल अच्छा हय भाऊसाहेब."

"त्याला सोडा," ओट्यावरून आई म्हणाली. "त्यो खंडोबाचा हाय. अणदूरच्या."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुजा मुतखडा पडला तवापासनं. बोलले व्हते म्या."

"आई, माझा मुतखडा डॉक्टरनं काढला! पैसे मोजलेत मी!"

"आन डॉक्टरचा हात कुनी चालवला?"

मेहबूबभाई समजूतदार माणूस, ते दुसऱ्या खुंट्याकडं सरकले.

"त्यो पिराचा," आई म्हणाली. "बोरला पाणी लागू दे, कंदुरी करते म्हनले व्हते. गावजेवन घालायचं हाय त्याचं."

"पाणी लागलंय कुठं? करंगळीएवढी धार हाय!"

"लागलं का न्हाय लागलं?"

"अगं, एवढ्याशा पाण्याला अख्खा बोकड?"

"मग काय, अर्धा देतोस पिराला?"

मेहबूबभाईंनी बोकडावरचा हात काढून कपाळाला लावला. "पीर का माल हय, भाऊसाहेब. हम हात नई लगाते." आणि आईकडं वळून अदबीनं म्हणाले, "काकू, कंदुरीला सांगावा धाडा. मी येतो."

तिसरा वेशीवरच्या लक्ष्मीआईचा निघाला. शेळ्या वाढू दे म्हणून आई तिला बोलली होती. शेळ्या वाढल्या होत्या, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. मी मटकन चाऱ्याच्या पोत्यावर बसलो. टायवाल्या पोराचं म्हणणं आईनं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं अमलात आणलं होतं. माझी सगळी पुंजी अणदूर, पीर आणि वेस अशी व्यवस्थित विभागली गेली होती!

"आई," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "माझ्या म्हातारपणाचे बोकड हाईत हे. तू मला न विचारता देवांना वाटून बसलीस?"

"तुज्यासाठीच बोलले न्हवं? मला काय पायजे ह्या वयात?" तिचा आवाज जरा ओला झाला, आणि माझा राग तिथंच संपला. मग ती डोळे पुसून म्हणाली, "आन चौथ्याचं माझ्यावर ढकलू नकोस. त्यो तुजा तू बोललायस."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मेहबूबभाईंनी पाहिलं. चौथा बोकडही माझ्याकडंच बघत होता.

खरं होतं ते. पावसाळ्यात शेळ्यांना रोग आला होता. नाकं वाहायला लागली, चारा सोडला, डॉक्टर दुसऱ्या गावी अडकलेला. मी गोठ्यातच गुडघ्यावर बसून, तुळजापूरच्या दिशेला तोंड करून, मोठ्यानं ओरडलो होतो, "आई भवानी, शेळ्या वाचू दे, एक बोकड तुझ्या पायाशी आणतो!" म्हणजे शेळ्या वाचवायला मी शेळीचंच पोर कबूल केलं होतं. विम्याचा हप्ता बोकडात! आणि पाऊस उघडल्यावर साफ विसरून गेलो होतो. आईला फितूर ठरवणारा मी, मीही त्यातलाच!

राहिला पाचवा. हा सगळ्यांत थोरला. घोड्यासारखी छाती, कानाचा पसारा असा, की कळपात दुसरं जनावर दिसू नये. मी धास्तावून आईकडं पाहिलं.

"ह्याच्यावर म्या काय बी बोलले न्हाय," आई म्हणाली. "शप्पत."

माझ्या जिवात जीव आला. मेहबूबभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझा हात त्याखाली घेतला आणि जुन्या बाजाराच्या रीतीनं बोटं दाबून भाव सांगितला. मी बोटं मोजली. पुन्हा मोजली. एकट्या थोरल्यात शेडचा खर्च निघत होता! शर्त जिंकलो होतो! मी होकार दाबणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"त्यो बी बोललेला हाय."

सुनंदा होती.

"कुनी बोललं?" आई म्हणाली.

"मी. लक्ष्मीआईला."

"कशापायी गं?"

सुनंदानं पदर नीट केला. बराच वेळ केला. मग जमिनीकडं बघत म्हणाली, "ह्यांच्या डोक्यातनं शेळ्यांचं खूळ जाऊ दे म्हनून."

माझा हात अजून रुमालाखाली मेहबूबभाईंच्या हातात होता आणि त्यांनाही तो सोडायचं सुचत नव्हतं. दोन बाप्ये माणसं हातात हात घालून संसाराची ही चौकशी ऐकत उभी होती!

"कदी बोललीस?" आईनं विचारलं.

"आत्या, तुमच्यासंगं गेले व्हते बगा, अवसेला." (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.)

"अगं पोरी! त्याच अवसेला, त्याच पायरीवर, शेळ्या वाढू दे म्हनून मी हात जोडले व्हते! तू माज्या शेजारी उभी राहून उलटं मागत व्हतीस? देवीनं ऐकायचं कुनाचं?"

"तुमी तरी मोठ्यानं मागायचं," सुनंदा म्हणाली. "म्हंजे मी दुसऱ्या देवाकडं गेले असते."

आईला हसू फुटलं. ते दाबायला तिनं तोंडाला पदर लावला. मेहबूबभाईंनी मात्र हिशोबी माणसासारखं मुद्द्याला हात घातला.

"भाभी, मुराद पुरी झाली का? झाली असली तर बोकड देवीचा. झाली नसली तर मोकळा. मोकळा असला तर मी आत्ता टेम्पोत घालतो."

आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

माझ्या डोक्यातलं खूळ गेलंय की नाही, हे मीच सांगायचं होतं! नाही म्हणालो, तर थोरला विकला जाणार, खर्च निघणार, आणि सुनंदा उरलेला जन्म त्या करंगळीएवढ्या धारेपाशी हंडा धरून बसणार, तेही शब्द न काढता. ती शब्द पाळणारी आहे, हेच तर अवघड होतं. गेलं म्हणालो, तर पाचही बोकड देवाघरी, पदरात एक रुपया नाही, आणि आख्खं वर्ष मी मूर्ख होतो याला आई, बायको आणि एक व्यापारी असे तीन साक्षीदार!

मी सुनंदाकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती थोरल्यापाशी येऊन त्याच्या पाठीवरची गवताची काडी काढत होती. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. आणि मला कबूल करायला हवं, की खूळ तर कधीचंच गेलं होतं. दिवाळीच्या आसपासच. पहाटे पाला तोडताना, हातात काटे भरताना, मला रोज वाटायचं, की लातूरला सकाळी नुसता नळ फिरवून पुन्हा झोपता येईल. पण सांगणार कुणाला? मोकळी हवा मोकळी हवा म्हणून मीच ओरडत होतो!

"गेलं," मी म्हणालो.

"काय गेलं?" आई म्हणाली.

"खूळ. गेलं."

सुनंदानं मान वर केली. "खरं सांगा. माज्यासाठी म्हनताय का खरंच गेलं?"

"खरंच गेलं. दिवाळीतच."

"दिवाळीत?" तिचा आवाज चढला. "आन आजवर मी लेंड्या झाडतीय! दिवाळीत गेलं तर दिवाळीत सांगायला काय तोंड शिवलं व्हतं?"

मला वाटलं होतं, ती रडेल, निदान हसेल. तिनं मला त्याच पोत्यावर बसवलं आणि तासभर नीट धुतलं. मेहबूबभाई रिकामा टेम्पो घेऊन निघून गेले. जाताना म्हणाले, "भाऊसाहेब, ऐसा सौदा मैंने जिंदगी में नई देखा." दुपारपर्यंत लातूरच्या बहिणीला फोन गेला होता. आईनं लातूरला यायला साफ नकार दिला. "शेळ्या माज्या, रान माजं. तुमी जावा नळाखाली." खोल्यांचं तेवढं ठरलं. खोल्या घेतल्यावर खायचं काय, हे आजतागायत ठरलेलं नाही.

मग नवस फेडायला सुरुवात झाली. अणदूरला भाड्याच्या जीपमधून पाहुण्यांसकट गेलो. तुळजापूरला गेलो. पिराच्या कंदुरीला गाव लोटलं आणि मेहबूबभाई शब्दाप्रमाणे दोन भाऊ घेऊन आले. लक्ष्मीआईचे दोन बोकड एकाच दिवशी उरकले, सासूचा आणि सुनेचा. वर्षभर मी ज्या पुंजीला पाला घातला, ती पंगतीत पत्रावळीवर रश्शासकट माझ्यासमोर आली. वाढायला सुनंदाच होती. टाचांना मलम लावलेलं, चेहरा वर्षभरात पहिल्यांदा निवांत.

"वाढू का अजून?" तिनं विचारलं. "लाजू नका. तुमचीच पेन्शन हाय."

जाणकार सांगतात, की उतारवयासाठी ठेवलेल्या मुद्दलाला माणसानं कधी हात लावू नये. मी लावला. त्यात भाकरी चुरली, दोनदा रस्सा मागून घेतला, आणि खोटं कशाला बोलू, शेवटी बोटंसुद्धा चाटली!