अग्रहारातलं धरणं

मैसूरच्या महाराजांच्या घोडदळातले दफेदार खंडोजीराव यांनी पेन्शनीत निघताना स्वतःचा घोडा विकला आणि त्या पैशांचे होन्नगुड्डाच्या सोन्याच्या खाणीचे शेअर घेतले. घेतले म्हणजे, वासुदेवराव दलालानं गळ्यात मारले. त्या खाणीत सोनं होतं म्हणतात. त्याहून जास्त वासुदेवरावाच्या जिभेवर होतं.

दसऱ्यानंतर भाव कोसळले. अर्धं गाव अग्रहारात, ब्राह्मणांच्या आळीत, दलालाच्या दारी धावलं. कुणी रडलं, कुणी मिळेल त्या भावानं विकून मोकळं झालं, कुणी बायकोच्या पायगुणाला दोष दिला. खंडोजीरावांना दलाल म्हणाला, "दफेदार, तुम्ही पाठ दाखवता काय? धरून ठेवा की!" शिपायाच्या वर्मावरच बोट ठेवलं मेल्यानं. त्यांनी धरून ठेवले. खाण बंद पडली, हातात कागद उरले. मग कळलं, या दलालानं स्वतःचे शेअर भाव पडले त्या पहिल्याच आठवड्यात विकून टाकले होते.

पळपुट्यानं आपल्याला शौर्य शिकवावं, हे खंडोजीरावांच्या जिव्हारी लागलं. त्यांना आता पैसे नको होते. वासुदेवराव भुकेनं तळमळताना बघायचा होता. पगार थकला की त्यांचे पणजोबा सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. दारात माणूस उपाशी असेतो घरधन्यानंही घास गिळायचा नाही, ही जुनी रीत. खंडोजीरावांनी पागोटं बांधलं आणि दलालाच्या ओट्यावर मांडी ठोकली.

वासुदेवराव कसली रीत पाळतो! मागच्या दारानं हॉटेलात जाई, दोसे हाणी आणि ढेकर देत पुढच्या दारानं परत येई. "बसा, बसा, ओटा थंडगार आहे," म्हणे. खंडोजीरावांच्या अंगाची लाही लाही होई.

तिसऱ्या दिवशी दलालाची म्हातारी आई, तुळसाबाई, भिंत धरत बाहेर आली. घरात रीत पाळणारी ती एकटीच; पाण्याखेरीज तिनं काही घेतलं नव्हतं. खंडोजीराव ओशाळले.

"अम्मा, तुम्ही जेवा. माझं भांडण तुमच्याशी नाही."

"साकु!" म्हातारीनं कानडीत पुरे म्हटलं. "दफेदार, माझंही आहे त्याच्याशी. माझ्या पाटल्या मोडून शेअर घेतले त्यानं. भाव पडल्यावर विक म्हटलं, तर बायकांना काय कळतं म्हणाला. स्वतःचे तेवढे विकले." असं म्हणून ती त्यांच्या शेजारी, स्वतःच्याच घराकडे तोंड करून बसली.

विड्यानं तोंड रंगवून आलेला वासुदेवराव जागीच थिजला. "अय्यो अम्मा, आत चल!"

"पाटल्या आण, मग उठते. तोवर तू घास खाल्लास, तर मी मेले समज."

पाटल्या कुठल्या आणणार? वाचवलेला पैसा त्यानं दुसऱ्या खाणीत घातला होता, आणि तिचेही भाव पडले होते. तोंडातला विडा थुंकून तो पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या पोटात कावळे ओरडू लागले. खंडोजीराव जरा जवळ सरकले, नीट ऐकू यावेत म्हणून. एकाला भूक आवरेना, दुसऱ्याला आनंद. म्हातारी खांबाला टेकून डोळे मिटून होती; सकाळपासून तिनं पाणीही मागितलं नव्हतं. तिच्याकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती.